परागांचा हंगाम आणि नाकाची कैफियत

भाद्रपदातील गौरी-गणपती उरकून पावसाची झड ओसरू लागली, माळरानावरचे गवत कमरेएवढे वाढून तुऱ्यावर आले आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात वारा मोकळा फिरू लागला, की महाराष्ट्रातील असंख्य घरांत एका विशिष्ट तक्रारीला प्रारंभ होतो. अंथरुणातून उठलेला मनुष्य चहाच्या कपापर्यंत पोहोचण्यापूर्वीच शिंकांनी बेजार होतो, नाकाला पाण्याची धार लागते, डोळे लाल होऊन चुरचुरतात, टाळूला खाज सुटते. आणि घरातील वडीलधारी मंडळी काल रात्रीच्या पंख्यावर किंवा परवाच्या दह्यावर सारा दोष ठेवून सुंठीचा काढा उकळावयास ठेवतात. काढ्याने घशाला बरे वाटते, पण तक्रार हटत नाही. ती दिवाळीपर्यंत मुक्काम करते, मग आपण होऊन निघून जाते आणि पुढील साली त्याच सुमारास पुन्हा हजर होते. हा नियमितपणा हाच तिच्याविरुद्धचा पहिला पुरावा होय. कारण साध्या सर्दीला पंचांग ठाऊक नसते.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यात अंग मोडून येते, घसा दुखतो, क्वचित कणकण भासते, दोन-तीन दिवसांत नाकातील स्राव घट्ट होतो आणि आठ-दहा दिवसांत सर्व आटोपते. परागांच्या वावड्यात, ज्याला आता आपण सर्रास ॲलर्जी म्हणतो, ताप येत नाही, स्राव अखेरपर्यंत पातळच राहतो, शिंका एकेकट्या न येता लडीने येतात, आणि नाक, डोळे, टाळू, एवढेच काय पण कानाचे आतील अंगही खाजू लागते. ज्या मुलाला हा त्रास वर्षानुवर्षे आहे, ते तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलून चोळीत राहते आणि या सवयीने त्याच्या नाकावर शेंड्याच्या जरा वर एक बारीक आडवी रेघ उमटलेली दिसते. अनुभवी डॉक्टर मुलाला तपासण्यापूर्वी ही रेघच वाचतात. हा विकार प्राणघातक नव्हे, हे खरे. परंतु झोप मोडणे, अभ्यासातून लक्ष उडणे, कामावर गैरहजेरी लागणे हे त्याचे नित्याचे परिणाम आहेत, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष झाले असता काही रुग्णांत तो नाकावरून छातीत उतरून दम्याचे रूप घेतो. म्हणून त्याची चौकशी रीतसर व्हावयास हवी.

त्या चौकशीत पहिला प्रश्न असा, की दोष नेमका कोणत्या वनस्पतीचा. फुलाच्या केसरांवर जी पिवळी भुकटी दिसते ते पराग. वनस्पतीचा पुरुषबीजाचा अंश एका फुलातून दुसऱ्या फुलाकडे नेणे हे त्यांचे कार्य. हे दळणवळण निसर्गाने मुख्यतः दोन मार्गांनी साधले आहे. काही वनस्पती रंग, सुगंध आणि मध यांची लालूच दाखवून भुंगे, मधमाश्या, पाखरे यांच्याकडून हे काम करवून घेतात. त्यांचे पराग जड, चिकट आणि संख्येने बेताचे असल्यामुळे ते वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. दुसऱ्या वर्गातील वनस्पती सर्व भार वाऱ्यावर टाकतात. वाऱ्याला पत्ता सांगता येत नसल्यामुळे त्यांना कोरडे, हलके पराग अपरिमित संख्येने उधळावे लागतात, आणि कोणाला आकर्षून घेण्याचे प्रयोजनच नसल्यामुळे त्यांची फुले बारीक, हिरवट, निर्गंध, फूल म्हणून नजरेतही न भरणारी अशी असतात. गवताचा परागकण बहुधा ३० ते ४० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे पंचविसाव्या ते तिसाव्या भागाएवढा असतो; तो डोळ्याला दिसत नाही, पण नाकाच्या ओलसर अस्तरावर नेमका अडकतो.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे निरपराध फुलांवर नाहक आळ येतो. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर लालभडक फुलून उठतात, त्याच दिवसांत काही लोकांचे डोळे चुरचुरू लागतात, आणि समोर दिसणाऱ्या झाडाला गुन्हेगार ठरवून लोक मोकळे होतात. वस्तुतः या तिन्ही वृक्षांकडे साळुंक्या, शिंजिर, बुलबुल यांची रीघ लागलेली असते आणि त्यांच्या परागांची ने-आण या पाखरांवर सोपविलेली असते. त्याच पंधरवड्यात शेजारी उभ्या असलेल्या वावळाच्या पर्णहीन फांद्यांवर तपकिरी-हिरवट गोंडे येऊन गेलेले असतात, ज्यांकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते. वावळ हा वाऱ्यावर विसंबणारा वृक्ष असून त्याच्या परागांचे वावडे भारतात अनेक ठिकाणी सिद्ध झालेले आहे. त्याची ओळख सोपी आहे : पान चुरगळले असता उग्र, नकोसा वास येतो, आणि फुलोऱ्यानंतर काही आठवड्यांनी पातळ कागदी पंखांची गोल फळे झाडाखाली पसरतात. कार्तिकातील सप्तपर्णीचे प्रकरण याहून थोडे निराळे. शहरांतील रस्त्यांवर ती मोठ्या संख्येने लावली गेली असून संध्याकाळी तिच्या दरवळाने पुष्कळांचे डोके जड होते. परंतु तेथे उपद्रव होतो तो प्रायः गंधाचा, कारण आधीच चिडलेल्या नाकाला कोणताही उग्र वास सोसत नाही.

आपल्या मुलखाचे परागांचे वेळापत्रक ढोबळमानाने असे मांडता येईल. श्रावणाच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंतचा काळ गवतांचा. माळावरची, बांधावरची आणि डोंगरउतारावरची बहुतेक गवते याच वेळी तुऱ्यावर येतात, आणि ज्वारी, मका ही पिकेही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवतेच असल्यामुळे त्यांचाही या राशीत वाटा असतो. काटेमाठ, चाकवत यांसारखे तण त्यांच्या सोबतीला असतात. एरंड उकिरड्याच्या कडेला जवळजवळ बारमाही फुलतो. माघ-फाल्गुन वावळाचे, कोकण किनाऱ्यावर सुरूची बने आणि माडांच्या बागा, कोरड्या प्रदेशात विलायती ऊर्फ वेडी बाभूळ, जी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी बियाण्यापासून या देशात मुद्दाम रुजविण्यात आली आणि पुढे कोणाच्याच आवाक्यात राहिली नाही. या यादीत एक नाव पुष्कळांना अनपेक्षित वाटेल, ते म्हणजे हरळीचे. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, तीच ही हरळी; जगातील उष्ण प्रदेशांत परागांच्या वावड्याच्या प्रमुख कारणांत तिची गणना होते. मात्र देवाला वाहावयाच्या दूर्वा कोवळ्या, पात्यांच्या घेतल्या जातात, आणि त्या अवस्थेत तिच्यापाशी परागच नसतात. हीच हरळी न कापता राहिली म्हणजे तिच्या दांडीच्या टोकाशी तीन ते सहा बारीक काड्या बोटे पसरावीत तशा उघडतात, आणि सकाळी त्या काड्यांवर जांभळट केसर लोंबताना दिसतात. त्या क्षणापासून तिचा उपद्रव सुरू होतो. म्हणजे हिरवळ वेळेवर कापणारा माळी हा नकळत वैद्यकाचेच काम करीत असतो.

या सर्वांत महाराष्ट्राने सर्वाधिक भोगले असेल ते काँग्रेस गवत ऊर्फ गाजर गवत. मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची आपल्या देशातील वाढ पुण्याच्या परिसरात १९५५-५६च्या सुमारास प्रथम नजरेत आली, आणि परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गाजराच्या पानांची आठवण देणारी चिरलेली पाने आणि शेंड्यावर पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके, इतके त्याचे रूप साधे आहे. पण एकेक झाड १०,०००हून अधिक बिया टाकते, गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि मोकळा भूखंड, रेल्वेचा रूळ, कालव्याचा काठ, पडीक शेत यांपैकी कोणतीही जागा त्याला चालते. त्याचा त्रास दुहेरी आहे. पराग नाकात गेल्याने शिंका व दमा हा एक प्रकार. आणि त्याच्या अंगातील पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे त्वचेला होणारा विकार हा दुसरा. शेतकरी व मजूर यांच्या पापण्या, मान, कोपरांच्या घड्या या ठिकाणी कातडी जाड होते, भेगाळते आणि रात्रंदिवस खाजते. वाळलेल्या झाडाची वाऱ्याने उडालेली धूळदेखील या विकाराला पुरते. या तणाची पाने खाणारा मेक्सिकोतील एक भुंगा १९८४ साली बंगळूरला आणून सोडण्यात आला आणि पुढे त्याचा प्रसार इतर राज्यांतही करण्यात आला. त्याने पावसाळ्यात पुष्कळ काम केले, परंतु समूळ उच्चाटन त्याच्याकडूनही झालेले नाही. आपल्याकडचा टाकळा दाट उगवला तर तो या गवताला जागा देत नाही, हा अनुभवही उपयोगी ठरला आहे.

परागांवर हा ठपका सिद्ध होण्यास मोठा काळ लागला. १८१९ साली लंडनमधील वैद्य जॉन बोस्टॉक यांनी तेथील वैद्यकीय सभेपुढे स्वतःचीच हकीकत सादर केली : दरसाल उन्हाळ्यात डोळे व नाक यांना होणारा हा त्रास त्यांना लहानपणापासून होता, अनेक उपाय निष्फळ ठरले होते, आणि त्यांच्या मते कारण होते उन्हाळ्याची उष्णता. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली हे स्वतः त्याच व्याधीने ग्रस्त. त्यांनी तर्क बाजूला ठेवून प्रयोग आरंभिले. गवताचे पराग भर हिवाळ्यात हुंगून आजार ओढवून घेतला, कातडीवर ओरखडा काढून त्यावर ओले पराग लावून पाहिले, आणि चिकट लेप दिलेल्या काचा पतंगाला बांधून हजार फुटांहून अधिक उंचीवर पाठविल्या, तेव्हा त्या उंचीवरही काचांवर पराग सापडले. त्यांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम या सरकारी डॉक्टराने तेथील तुरुंगांच्या आवारातील हवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तीत सापडलेल्या पराग व बुरशीच्या बीजकणांचा वृत्तांत छापला. भारतातील हवेची ही पहिली शास्त्रीय झडती म्हणावयास हरकत नाही. पुढे विसाव्या शतकात औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतील कण टिपण्यासाठी स्वतःचे यंत्र सिद्ध केले, जे टिळक एअर सॅम्पलर याच नावाने ओळखले जाते : पंख्याने हवा आत ओढावयाची, ती हळूहळू फिरणाऱ्या पिंपावरील चिकट पट्टीवर आपटवावयाची, आणि मग कोणत्या प्रहरी कोणते कण आले ते पट्टीवरून वाचावयाचे.

पण जे पराग शेजाऱ्याच्या नाकात बिनबोभाट वावरतात, त्यांनी आपल्याच नाकात एवढा दंगा का मांडावा? याचे उत्तर शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. नाक्यावरच्या एखाद्या अतिदक्ष कारकुनाने एका निरुपद्रवी वाटसरूचा हुलिया चुकून दरोडेखोरांच्या नोंदवहीत चढवावा, त्या नोंदीच्या नकला सर्व चौक्यांवर धाडाव्यात, आणि पुढल्या खेपेस तो बिचारा दिसताच साऱ्या मुलखात नौबत वाजावी, असा हा प्रकार आहे. ही नोंद म्हणजे आयजीई नावाचे प्रतिद्रव्य. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि त्याच सुमारास स्वीडनमधील संशोधकांनी ते ओळखले. आयजीई नाक, डोळे व श्वासनलिका यांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसते. पहिल्या भेटीत मनुष्याला काहीच जाणवत नाही. नंतरच्या हंगामात तेच पराग आले की या पेशी फुटून हिस्टामिन आणि तत्सम द्रव्ये सांडतात, आणि शिंक, खाज, पाणी, सूज ही त्या द्रव्यांचीच कृती होय. म्हणूनच ‘आजवर कधी झाले नाही, आताच कसे झाले’ हा रुग्णाचा सवाल रास्त असला तरी त्यात नवल काही नाही.

ही चुकीची नोंद कोणाच्या शरीरात होणार, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई-वडिलांना दमा किंवा वावडे असेल तर मुलांत संभव वाढतो. वाढत्या वयातील परिस्थितीचाही संबंध असावा. १९८९ साली ब्रिटनमधील डेव्हिड स्ट्रॅकन यांनी दाखवून दिले, की भावंडांची संख्या जास्त असलेल्या घरांत, विशेषतः धाकट्या मुलांत, हे वावडे कमी आढळते. लहानपणी जंतूंशी झालेला परिचय संरक्षणव्यवस्थेला शहाणपण शिकवीत असावा, हा विचार तेथून पुढे आला. मनुष्याच्या स्वतःच्या करणीचा भाग तर याहूनही ठळक आहे. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडासाठी सुगी नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची अफाट लागवड केली. ती झाडे वयात आल्यावर दर वसंतात तेथे परागांचे लोट उठू लागले, आणि आज त्या देशातील एक तृतीयांशाहून अधिक लोक त्या वावड्याने पीडित असून हवामानाच्या वृत्ताबरोबर परागांचा अंदाजही दिला जातो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी २१ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी वादळी पाऊस आला, तेव्हा दमटपणाने गवताचे परागकण फुटून त्यांतील अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात खोल शिरले. हजारो लोक दम्याने रुग्णालयांत धावले आणि दहा जण दगावले. त्यांतील पुष्कळांना पूर्वी केवळ शिंकांचाच त्रास होता, हे विसरता कामा नये.

निवारणाचा आरंभ औषधापूर्वी रोजनिशीने करावा. कोणत्या तारखेला त्रास सुरू झाला, कोणत्या प्रहरी वाढला, गावी गेल्यावर किंवा पाऊस पडल्यावर कमी झाला काय, घराच्या आसपास त्या वेळी काय फुलले होते, इतक्या नोंदी दोन हंगाम ठेवल्या तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. त्रास बारमाही असेल तर संशय गाद्या-उशांतील धुळीच्या सूक्ष्म किड्यांवर किंवा भिंतीच्या ओलीतील बुरशीवर अधिक जातो. खात्री करून घ्यावयाची तर त्वचेवर निरनिराळ्या परागांच्या अर्काचा एकेक थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात; पंधरा-वीस मिनिटांत ज्या थेंबाखाली गांधी उठते, तो संशयित. मात्र त्या गांधीचा रोजनिशीशी मेळ बसला तरच निर्णय पक्का, कारण कातडीवर प्रतिक्रिया येऊनही प्रत्यक्षात त्रास नसलेली माणसे पुष्कळ असतात.

घरातील खबरदारी खर्चाची नाही. हंगामात सकाळी, विशेषतः वारा असताना, माळाच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि फिरावयास जाणे पाऊस पडून गेल्यानंतरच्या वेळेवर ढकलावे. परंतु गडगडाटी वादळाच्या प्रारंभी दमेकऱ्याने घरातच राहावे. बाहेर पडताना चष्मा व मास्क वापरावा. परतल्यावर कपडे बदलावेत, तोंड धुवावे, आणि केसांत अडकलेले पराग उशीवर जाऊ नयेत म्हणून रात्री डोके धुवावे किंवा निदान ओल्या फडक्याने पुसावे. अंथरूण-पांघरूण गच्चीवर वाळत घालण्याचा आपला जुना प्रघात चांगला असला तरी तुऱ्यांच्या दिवसांत तो काही आठवडे आवरता घ्यावा. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजे आपली जलनेती, उपकारक आहे. मात्र पाणी चांगले उकळून कोमट केलेलेच घ्यावे, कारण नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यातील एक जातीचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेतो. तो योग दुर्मीळ आहे, पण त्यावर इलाज जवळजवळ नाही.

औषधांच्या बाबतीत आपल्याकडील चूक वेळेची असते. हिस्टामिनला रोखणाऱ्या गोळ्या खाज व शिंका लवकर थांबवितात. जुन्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून वाहन किंवा यंत्र चालविणाऱ्याने डॉक्टरांकडून नव्या पिढीतील गोळी मागून घ्यावी. चोंदलेल्या नाकावर अधिक गुणकारी म्हणजे नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा. त्याच्या नावाने लोक बिचकतात, परंतु त्याची मात्रा अल्प असून कार्य बहुतांशी नाकापुरतेच राहते. त्याचा पूर्ण गुण येण्यास काही दिवस लागतात, आणि म्हणून तो हंगामापूर्वी आठ-पंधरा दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावा. शिंकांनी हैराण झाल्यावर एक दिवस मारून ‘उपयोग नाही’ म्हणून टाकून देण्यात अर्थ नाही. उलट, नाक क्षणात मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. ते सोडताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि मनुष्य त्या कुपीचा बंदा होतो. दम लागणे, छातीत सूं-सूं वाजणे, रात्री खोकल्याने जाग येणे यांपैकी काही घडले तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा.

मुळावरचा इलाज एकच उपलब्ध आहे : ज्या परागांचे वावडे, त्यांचाच अर्क अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने शरीराला देऊन नोंदवहीतील ती चुकीची नोंद हळूहळू पुसून टाकणे. लिओनार्ड नून यांनी १९११ साली लंडनमध्ये गवताच्या परागांवर हा प्रयोग प्रथम प्रसिद्ध केला. इंजेक्शने किंवा जिभेखाली ठेवण्याचे थेंब अशा रूपाने हा उपचार तीन ते पाच वर्षे चालतो, दोषी पराग निश्चित झाले असतील तरच फळतो, आणि इंजेक्शनानंतर निदान अर्धा तास डॉक्टरांच्या नजरेखाली बसणे आवश्यक असते, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते. ज्यांना औषधांनी भागत नाही, त्यांनी त्याचा अवश्य विचार करावा.

येथवरची तजवीज व्यक्तीच्या हातची झाली. परंतु हवा कोणा एकाच्या मालकीची नसल्यामुळे उरलेली जबाबदारी नगरपालिकांवर येते. १९७५च्या राज्य कायद्यान्वये नागरी भागांत वृक्ष प्राधिकरण व वृक्षगणना यांची तरतूद आहे. म्हणजे कोणत्या पेठेत कोणते झाड उभे आहे याचे दप्तर आपल्यापाशी तयार होत असते. त्या दप्तराला हवेतील परागांच्या नोंदींची जोड देऊन प्रत्येक शहराचे परागपंचांग छापता येईल, आणि शाळेच्या किंवा इस्पितळाच्या फाटकाशी नवे झाड लावताना त्याचे पराग वारा नेतो की मधमाशी, हा प्रश्न विचारून मगच खड्डा खणता येईल. काँग्रेस गवताची मोहीम बहुधा आश्विनात, ते पांढरे होऊन दिसू लागल्यावर निघते, आणि तोवर बी गळून पुढील सालाची बेगमी झालेली असते. तीच मोहीम आषाढात, पानांची अवस्था असताना, हातमोजे व तोंडाला फडके बांधून काढली पाहिजे, आणि ज्यांना दमा किंवा त्वचेचा विकार आहे त्यांना तीतून वगळले पाहिजे. या विकाराची तारीख व ठिकाण ही दोन्ही आधी कळू शकतात, ही सोय फार थोड्या रोगांनी मनुष्याला दिलेली आहे. तिचा लाभ घ्यावयाचा तर गणपती बसण्यापूर्वी डॉक्टरांची भेट आणि गवत फुलण्यापूर्वी विळा, ही दोन कामे दरसालच्या बेतात धरून ठेवावीत.